ज्या पानावर मी थांबले

मागच्या खेपेला मी मसाल्याच्या पॅकिंगवर बोलले होते. बोलता बोलता शेवटी सहज म्हणून गेले, की आमच्या गटात हप्ते गोळा झाले की आम्ही अर्धा तास पुस्तक वाचतो. त्यानंतर ज्या बाया भेटल्या त्यांनी मसाल्याचं काही विचारलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, कुठली पुस्तकं वाचता, आणि बाया ऐकतात तरी का? म्हणून आज त्याच्यावरच बोलते. मी काही मास्तरीण नाही. दहावी झालेली, ब्लाउज शिवणारी बाई आहे. पुस्तक चांगलं की वाईट हे सांगायचा माझा अधिकार नाही. कुठल्या पानावर आमच्या गटात काय झालं, एवढं सांगू शकते.

आमचा गट बोईसरजवळचा. चौदा जणी आहोत. त्यातल्या पाच तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जातात, दोघी मासळी विकतात, एक खानदेशातून लग्न होऊन आलेली, तिघी वारली पाड्यावरच्या, एक माजी सरपंच, आणि आम्ही बाकीच्या घरात बसून काहीबाही करणाऱ्या. सगळ्यांना वाचता येतं असं नाही. चौघींना सही पुरतीच अक्षरं येतात. म्हणून आमच्याकडे पुस्तक वाचायचं म्हणजे एकीने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हात मोकळे ठेवायची गरज नाही. कोणी शेंगा सोलतं, कोणी भाजी निवडतं.

सुरुवातीला भांडण झालं हेही सांगते. गटाच्या पैशातून पुस्तकं घ्यायची असं मी म्हटलं, तर आमच्या खजिनदार वहिनींनी वही मिटली. म्हणाल्या, हे पैसे बायांच्या घामाचे आहेत, पुस्तकाने काय कुकर येतो? त्यांचं चूक नव्हतं. मग मार्ग असा निघाला की माझ्या एकटीच्या नावाने सार्वजनिक ग्रंथालयात वर्गणी भरायची आणि एका वेळी एक पुस्तक आणायचं. तुमच्या जवळपास असं ग्रंथालय असेल, चौकशी करा. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालापासून आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांची ग्रंथालयं असतात, आणि अगदी ड वर्गाच्या लहानशा खोलीतही कपाटभर चांगलं काही सापडतं. फक्त मागावं लागतं.

पहिलं पुस्तक आणलं उर्मिला पवारांचं 'आयदान'. 2003 सालचं हे आत्मचरित्र. आपल्या नेहमीच्या धार्मिक पुस्तकांच्या आणि पाककृतींच्या मानाने नवंच. उर्मिलाताई रत्नागिरीकडच्या. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, टोपल्या, सुपं, रोवळ्या, सगळ्यांना मिळून एक शब्द. त्यांच्या आईने आयदानं विणून मुलं वाढवली, शिकवली. मुलगी तिसरीत असताना वडील वारले. आई बोलायला कडक, हात मात्र सतत चालू. उर्मिलाताई म्हणतात की आईचं विणणं आणि माझं लिहिणं यांचं नातं आहे. मी इथे पुस्तकातली वाक्यं वाचून दाखवणार नाही, माझ्या शब्दांत सांगते. त्यांचे शब्द तुम्ही पुस्तक हातात घेऊनच वाचा.

त्यातला एक प्रसंग आमच्या गटात सगळ्यात गाजला. शाळेत शेण काढायचं काम या मुलीला देतात. एक दिवस ती करत नाही, गुरुजी मारतात. गाल सुजवून मुलगी घरी येते. आई ओट्यावर नेहमीसारखी विणत बसलेली. तेवढ्यात गुरुजी समोरच्या रस्त्याने चाललेले. ती त्यांना तिथेच हटकते. ते म्हणतात, तुमच्या गुरामुळे शाळेत घाण होते. आणि या घरात तर गाय नाहीच! मग ती विधवा बाई, हातातलं काम बाजूला ठेवून, भर रस्त्यात गुरुजींना जे सुनावते, ते ऐकताना आमच्या बाया शेंगा सोलायच्या थांबल्या. एकीने तर टाळीच वाजवली. हा उतारा का चांगला, तर त्यात आई शूर होती असं कुठे लिहिलेलं नाही. ती बसली कुठे होती, गुरुजी कुठून चालले होते, कोण काय बोललं, एवढंच आहे. शौर्य आपल्याला दिसतं, सांगावं लागत नाही. आपल्यापैकी किती जणी मुलाच्या शाळेत जाऊन मान खाली घालून परत आल्यात, ते मनात येतंच.

हा उतारा वाचून झाल्यावर सगळ्या खुश होत्या. पुढच्या गुरुवारी मी त्याच पुस्तकातला दुसरा भाग काढला, आणि तिथे माझी अडचण झाली.

लहानपणी उर्मिला विणलेली आयदानं गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला जायची. आत यायचं नाही, दारात थांबायचं. आयदानं खाली ठेवायची. घरची बाई त्यांच्यावर पाणी शिंपडायची, मग ती आत जायची. आणि पैसे द्यायची वेळ आली की वरून, तिच्या ओंजळीत टाकायची. बोटाला बोट लागू नये म्हणून.

मी वाचताना इथपर्यंत आले आणि माझा आवाज बसला. चष्म्याची काच पुसायला घेतली. म्हटलं, आज इथेच थांबू, घसा दुखतोय.

घसा दुखत नव्हता. माझं माहेर किनाऱ्याकडचं, वाडीतलं. नारळ, पानवेल, विहीर, ओटा. आमच्याकडे पावसाळ्याआधी वारली बाया डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन यायच्या. सात-आठ मैल चालत. ओट्याच्या खाली उतरवायच्या. त्यांना पाणी द्यायला एक जर्मनचा पेला होता, चेपलेला. तो घरात नसायचा. पडवीबाहेर, वळचणीला खुंटीवर टांगलेला असायचा. आजी वरून पाणी ओतायची आणि पैसे द्यायला मला पाठवायची. सहा-सात वर्षांची असेन. आजीने मला शिकवलं होतं, वरून सोडायचे, हात लावायचा नाही. मी ते फार नेमकं करायचे. नाणं खाली पडू न देता बरोबर ओंजळीत सोडता यायचं म्हणून मला शाबासकी मिळायची. मला तो खेळ वाटायचा.

म्हणजे त्या पानावर दोन मुली होत्या. एक हात पुढे केलेली, आणि दुसरी, पैसे टाकणारी. पुस्तक पहिलीने लिहिलं. दुसरी मी होते. आतापर्यंत कुठलंही पुस्तक वाचताना मी कायम ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच बाजूला जाऊन बसायचे. नवऱ्याने मारलं तर मी ती बायको, सासूने छळलं तर मी ती सून. या पानाने मला तिथे बसू दिलं नाही.

आणि समोर आमच्या गटातल्या तीन वारली बाया बसल्या होत्या. त्यांतल्या एकीची आई त्याच बाजूला मोळ्या विकायला जायची, हे मला माहीत होतं.

पुढचे दोन गुरुवार ती आली नाही. हप्ता पोरीच्या हाती पाठवला. मला वाटलं, पुस्तकाचंच मनाला लागलं. वहिनी म्हणाल्या, बघ, मी सांगत होते, गटात असलं काही आणू नये, बाया तुटतात. मला पण तसंच वाटायला लागलं. शेवटी मी तिच्या घरी गेले. पाड्यावर तिचं कुडाचं घर आहे, पुढे नवीन पत्र्याची पडवी काढलेली. तिने कोरा चहा केला, गुळाचा. मी विचारलं, का गं येत नाहीस? तर तिचं नेहमीचंच, नवऱ्याची रात्रपाळी, नातू आजारी. पुस्तकाचं तिने नावच काढलं नाही. मीच काढलं. म्हटलं, त्या दिवशी वाचलं ते लागलं का तुला?

ती म्हणाली, "मला काय लागायचं? आमचं ते रोजचं होतं. पण ताई, तू त्या बाईचं वाचलंस आणि गप झालीस. तुझं कुठं बोललीस?"

तिला माहीत होतं. तिच्या आईने तिला आमच्या ओट्याचं, त्या पेल्याचं सांगितलं असणार. मी चहाचा कप हातात धरून तिला सगळं सांगितलं. नाण्याचं, शाबासकीचं पण. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "बरं. आता गटात पण सांग."

मी पुढच्या गुरुवारी सांगितलं. सोपं नव्हतं. आमच्या वहिनींना ते अजिबात आवडलं नाही, त्या म्हणाल्या, जुन्या माणसांना आता कशाला नावं ठेवायची? पण मग मासळीवाल्या मावशी बोलायला लागल्या, आमच्या हातची मासळी घेतात पण पाटी दारात लागू देत नाहीत, अजूनही. मग एमआयडीसीतली एक जण बोलली, पाण्याच्या बाटलीवरून. त्या दिवशी पुस्तक उघडलंच गेलं नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की आवडता उतारा म्हणजे नेहमी गोड वाटणारा उतारा असं नाही. मला विचारलं तर 'आयदान'मधलं माझं आवडतं पान तेच, नाण्याचं. रागाचा एकही मोठा शब्द न वापरता लिहिलेलं. हाताच्या दोन हालचाली आहेत फक्त, पाणी शिंपडणं आणि पैसे सोडणं. त्या हालचाली मी स्वतः केल्या होत्या, आणि चाळीस वर्षांत मला त्या दिसल्या नव्हत्या.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे. कृष्णात खोत हे कोल्हापूर जिल्ह्यातले लेखक. त्यांच्या 'रिंगाण' या कादंबरीला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून ग्रंथालयात नाव लावून ठेवलं होतं. गोष्ट धरणग्रस्तांची आहे. गाव उठलं, माणसं दुसरीकडे वसवली. जनावरं सगळी नेता आली नाहीत, काही म्हशी मागे राहिल्या आणि रानात राहून रानटी झाल्या. देवाप्पा नावाचा माणूस ती म्हैस परत आणायला जुन्या मुलखात जातो. एवढीच गोष्ट. भाषा तिकडची, पन्हाळ्याकडची. पहिली दहा पानं आम्हाला जड गेली, आणि मधे मधे फार लांबलंय असं मला आजही वाटतं. पण असली भाषा डोळ्याने वाचली तर अडते, मोठ्याने वाचली की उलगडते, हे लक्षात ठेवा. आमच्यातल्या ज्यांना अक्षर येत नाही त्यांना ती आमच्या आधी कळली.

सुरुवातीला बाया हसत होत्या. एका म्हशीसाठी एवढं मोठं पुस्तक? मग ते पान आलं जिथे माणूस आणि जनावर समोरासमोर येतात. त्याच्या मनात ती अजून आपली, गोठ्यातली. तिच्या लेखी हा धनी-बिनी कोणी नाही. ती अंगावर येते. याने तिला सोडलं होतं हे तिला माहीत आहे की नाही, आपल्याला कळत नाही, आणि त्यालाही कळत नाही.

तेव्हा आमच्या मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, "म्हशीचं नाही हे." आणि बोलायच्या थांबल्या.

आपल्या भागात हे समजावून सांगायची गरज नाही. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र 1969 पासून चालू आहे. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. ते संच 2005 आणि 2006 मध्ये सुरू झाले. इकडे डोंगराच्या बाजूला सूर्या प्रकल्पाच्या धामणी आणि कवडास धरणांमुळे पाडे उठले. वीज आणि पाणी आपण सगळेच वापरतो, मी पण वापरते, हा रेडिओही त्याच्यावरच चालतो. उठलेली माणसं मात्र आपल्यातच राहतात, बाजारात भेटतात, आणि आपण त्यांना कधी विचारत नाही की तुमच्या दाराला काय होतं, आंबा होता का?

मावशी अशाच एका प्रकल्पात उठलेल्या गावातल्या. वर्षानुवर्षं गटात आहेत, पण त्यांच्या तोंडून जुन्या घराबद्दल कोणी काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी कुत्र्याचं सांगितलं. नव्या घरी आल्यावर त्यांचा कुत्रा रोज संध्याकाळी निघून जायचा. मुलगा शोधत गेला तर तो जुन्या जागी, घर पाडलेल्या ठिकाणी जाऊन बसलेला. बांधून ठेवला तर जेवेना. चार-पाच दिवसांनी सोडला. मग तो आलाच नाही. मावशी म्हणाल्या, "माझे सासरे म्हणायचे, आपल्या घरात शहाणा तो एकटाच." आणि एक गोष्ट म्हणाल्या ती माझ्या डोक्यातून जात नाही. घराचे पैसे झाडासकट मोजले, पण होडी ओढून लावायची जागा कुणी मोजली नाही, कारण ती कुणाच्याच नावावर नव्हती.

बघा, कागदावर जे येत नाही ते कादंबरीत येतं. मी मावशींना विचारलं, पुस्तक आवडलं का? म्हणाल्या, नाही आवडलं, पण पूर्ण वाच. आम्ही पूर्ण वाचलं.

तिसरं पुस्तक तामिळनाडूचं आहे. सलमा या तमिळ लेखिकेची कादंबरी, मराठीत 'मध्यरात्रीनंतरचे तास' या नावाने सोनाली नवांगुळ यांनी आणली. या अनुवादाला 2020 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. सोनालीताई स्वतः व्हीलचेअरवर आहेत, लहानपणापासून. सलमांची हकिगत कादंबरीइतकीच ऐकण्यासारखी आहे. तिरुचिरापल्ली जिल्ह्यातलं लहान गाव, मुस्लीम कुटुंब. मुलगी वयात आली आणि शाळा बंद. लग्नानंतर सासरी लिहिलेलं चालायचं नाही, म्हणून रात्री न्हाणीघरात बसून लिहायचं आणि कागद लपवायचे. सलमा हे नावसुद्धा टोपणनाव, घरच्यांना कळू नये म्हणून घेतलेलं. पुढे गावची पंचायत बाईसाठी राखीव झाली, घरात उभी करायला बाई हवी होती, नवऱ्याने हिला उभं केलं. आणि ती निवडून येऊन खरंच कारभार करायला लागली! इथे आमच्या माजी सरपंच मावशी इतक्या जोरात हसल्या की अंगणवाडीतली पोरं बघायला आली. त्यांचंही तसंच झालं होतं. सही करायला नेलेली बाई, दुसऱ्या वर्षी म्हणाली, आधी वाचून दाखवा.

कादंबरीत घरं फार, नावं फार. सलमांच्या पुस्तकात शिरायला आम्हाला एक युक्ती करावी लागली. जुन्या कॅलेंडरच्या मागे कोण कुणाची बहीण, कोण कुणाची सून, असा तक्ता काढला आणि भिंतीला लावला. मग गाडी चालली. राबिया नावाची लहान मुलगी आहे, ती मैत्रिणींबरोबर घरी न सांगता सिनेमाला जाते आणि घरी कळतं. तो भाग माझ्या आवडीचा. काही मोठं घडलेलं नाही, पोरी सिनेमाला गेल्या. पण आईचा जीव का उडतो, तिला मुलीचा राग आलाय की मुलीची भीती वाटतेय, हे दोन्ही एकदम दिसतं. मी आई पण आहे. माझी लेक नववीत असताना पालघरला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून गाडीत बसून विरारपर्यंत गेली होती. मी तिला मारलं होतं. डहाणू लोकल सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, सगळ्या पोरांना गाडीचं वेड. ती काय बघायला गेली होती ते मी विचारलंच नाही. हे पुस्तक वाचल्यावर विचारलं, इतक्या वर्षांनी, फोनवर. ती म्हणाली, "काही नाही गं आई, खिडकीत बसायचं होतं."

सरपंच मावशींसाठी म्हणून मग कविता महाजनांची 'ब्र' आणली. 2005 ची कादंबरी, आदिवासी भागातल्या बायका पंचायतीत निवडून येतात तेव्हा त्यांचं काय होतं, त्याची. ब्र म्हणजे आपण म्हणतो ना, तोंडातून ब्र काढायचा नाही, तोच ब्र. कविताताई वसईला राहिलेल्या, आपल्याच जिल्ह्यात. 2018 मध्ये त्या गेल्या. मला पुस्तक फार आवडलं. सरपंच मावशींना अर्धंच आवडलं. त्यांचं म्हणणं, बायकांची दुःखं बरोबर आहेत, पण कारभाराची मजा पण असते, ठराव हाणून पाडायची मजा, ती अजून जास्त यायला हवी होती. मला वाटतं त्यांनी स्वतःच लिहावं.

आता एक जुनं पुस्तक. आज नव्या पुस्तकांवर बोलायचं होतं, पण हे आमच्या गटाला या वर्षीच भेटलं, तेव्हा आमच्यासाठी नवंच. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. 1970 साली आलं, 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. आणि ते आपल्या तलासरी-डहाणू-उंबरगावच्या मातीतलं आहे. 1945 मध्ये वारली माणसांनी वेठबिगारी नाकारली, त्याची ही हकिगत, त्यांच्यातच राहून काम केलेल्या बाईने सांगितलेली. झरीच्या सभेला हजारो माणसं जमली. आमच्या पाड्यावरच्या तिघींना झरी माहीत आहे, सोयरिकीचं गाव. पण पुस्तकात छापलेलं ऐकून त्या नीट सरसावून बसल्या.

यातला लग्नगड्यांचा भाग मी दोनदा वाचून दाखवला. लग्नगडी म्हणजे काय, तर लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे, आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. एकट्याने नाही, नव्या नवरीसकट. हिशेब सावकाराच्या वहीत, म्हणून ते कधी फिटायचेच नाहीत. लग्न करून बाई संसारात नाही, कर्जात यायची. वाचून झाल्यावर वहिनींनी, आमच्या त्याच खजिनदार वहिनींनी, वही काढली. म्हणाल्या, थांबा, आपल्याकडे लग्नासाठी बाहेरून कुणी कुणी उचल घेतलीय? पाच हात वर झाले. एकीने चाळीस हजार घेतले होते, शेकडा दोन टक्के महिन्याने. म्हणजे महिन्याला आठशे रुपये नुसतं व्याज, वर्षाचे नऊ हजार सहाशे. अडीच वर्षं ती फक्त व्याजच भरत होती, चोवीस हजार गेले आणि मुद्दल होती तिथेच. कुणी तिला तसं मांडून दाखवलं नव्हतं. गटाने तिला त्यातले पंधरा हजार कमी व्याजाने दिले, तेवढं तरी बाहेरचं फेडलं. उरलेल्याचं अजून चालू आहे.

वहिनी आता पुस्तकांना विरोध करत नाहीत. करत नाहीत म्हणजे, गप्प बसतात.

तुम्हाला तुमच्या गटात सुरू करायचं असेल तर माझ्या अनुभवातलं थोडं सांगते. सगळं पुस्तक वाचायचा हट्ट पहिल्या दिवशी धरू नका. मी आधी घरी वाचते, पानाला कागदाचा तुकडा लावते, आणि दहा-बारा मिनिटांत संपेल एवढाच उतारा नेते. मोठ्याने वाचायला एका पानाला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणजे चार-पाच पानं फार झाली. उतारा असा घ्यावा की ज्यात कुणीतरी काहीतरी करतंय. नुसत्या विचारांची पानं बायांना कंटाळवाणी होतात, मलाही होतात. वाचून झालं की लगेच, काय समजलं, असं विचारू नका, ती शाळा होते. गप्प बसा. कुणीतरी बोलतंच. आमच्या खानदेशच्या वहिनीला वाचता येत नाही, पण ती अशा वेळी बहिणाबाईंची गाणी म्हणते. त्या बाईलाही लिहिता येत नव्हतं, गाणी तोंडीच होती, मुलाने उतरवून ठेवली आणि 1952 साली पुस्तक निघालं. तेव्हा आपल्याला येत नाही म्हणून मागे बसायचं कारण नाही.

आणि ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर त्याला तेलाचे हात लावू नका. आमचं एक पुस्तक कोळंबीच्या वासाचं परत गेलं, त्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

गेल्या आठवड्यात आमच्या पाड्यावरच्या तिने, जिच्याबद्दल मघाशी सांगितलं, 'आयदान' घरी नेऊ का म्हणून विचारलं. तिला अक्षर येत नाही. नात आठवीत आहे, ती वाचून दाखवणार आहे. मी पुस्तक पुन्हा माझ्या नावावर काढून आणलं. देताना विचारलं, कुठलं पान दाखवू? ती म्हणाली, "ते गुरुजीचं. पैशाचं नको, ते पोरीला मी सांगेन."